घरटं बांधणारी डुकरीण: एडिंबराच्या उतारावरचं एक प्रकरण

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराजवळ, एका टेकडीच्या उतारावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही पांढरी डुकरं मोकळी सोडण्यात आली. जात लार्ज व्हाईट. गावठी डुकरांच्या सुधारणेसाठी आपल्याकडच्या सरकारी वराहपैदास केंद्रांनी वर्षानुवर्षं जी लार्ज व्हाईट यॉर्कशायर वाटली, तीच ही. लांब पाठ, जलद वाढ, मोठं वेत, सगळं व्यापारासाठी निवडून घडवलेलं. कुंपणाच्या आत पाइनची छोटी राई होती, गोर्स नावाची काटेरी झुडपं होती, एक ओढा होता आणि लोळायला दलदलीचा तुकडा होता. कळपही रानातल्या कळपाएवढाच लहान ठेवला होता. एक नर, चार प्रौढ माद्या, एक अर्धवट वाढलेला नर, तशीच एक मादी आणि साधारण तेरा आठवड्यांपर्यंतची पिल्लं. खुराक रोज मिळत होता. बाकी दिवस त्यांचा.

या जागेला 'पिग पार्क' म्हणत. तिथे तीन वर्षं डुकरांकडे बघत बसलेले दोघे म्हणजे डेव्हिड वूड-गश आणि ॲलेक्स स्टोल्बा. वूड-गश यांचं त्याआधीचं बरंचसं संशोधन कोंबड्यांच्या वर्तनावर होतं. स्टोल्बा आधी बबून माकडांच्या टोळ्यांचा अभ्यास करून आले होते. टोळी एकत्र कशी राहते, कोण कोणाच्या मागे जातं, कोण कोणाला टाळतं हे तासन्‌तास टिपायची त्यांना सवय होती. ही सवय डुकरांच्या वाट्याला आली ही फार मोलाची गोष्ट होती असं मला वाटतं. तोवर डुकराकडे बघणारे बहुतेक लोक त्याचं वजन बघत होते.

वाद कशावरून होता

ब्रिटनमध्ये १९६४ साली रूथ हॅरिसन यांनी कारखानदारी पद्धतीच्या पशुपालनावर लिहिलं आणि लोक अस्वस्थ झाले. सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांची समिती नेमली. समितीने १९६५ मध्ये सांगितलं की जनावराला निदान उभं राहता, आडवं होता, स्वतःभोवती वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत. यातली 'वळता येणं' ही अट वाचताना थांबायला हवं. गाभण डुकरिणीला ज्या लोखंडी कठड्यांत ठेवत, आणि जगात पुष्कळ ठिकाणी अजून ठेवतात, ते साधारण दोन फूट रुंद आणि सात फूट लांब असतात. त्यात तिला पुढे-मागे पाऊलभर सरकता येतं आणि उठता-बसता येतं. वळता येत नाही. गाभणपण सुमारे ११४ दिवसांचं, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. विण्याची वेळ आली की तिला दुसऱ्या तशाच कठड्यात नेतात. तिथे शेजारी पिल्लांसाठी जागा आणि उबेला दिवा असतो.

या पद्धतीच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जाई आणि तो वरवरचा नव्हता. डुक्कर माणसाळून नऊ-दहा हजार वर्षं झाली. त्यात गेली दीड-दोनशे वर्षं कसून निवड पैदास झाली. कठड्यात जन्मलेल्या, कठड्यात वाढलेल्या डुकरिणीने रान पाहिलेलंच नाही. जे कधी माहीतच नव्हतं, त्याला ती मुकते असं कसं म्हणायचं? रानडुकराच्या गरजा तिच्यावर लादणं म्हणजे आपल्या मनातली हळहळ तिच्या माथी मारणं नाही का?

या प्रश्नाचं उत्तर बसून वाद घालून मिळणारं नव्हतं. बंदिस्त पद्धतीतली डुकरं रानासारख्या जागेत ठेवायची आणि ती काय करतात ते बघायचं, एवढाच मार्ग होता. पिग पार्क म्हणजे ही चाचणी.

उतारावर काय दिसलं

दिवसाच्या उजेडातला ५२ टक्के वेळ ही डुकरं चरण्यात आणि जमीन उकरण्यात घालवत. आणखी २३ टक्के वेळ हिंडण्यात आणि आसपासच्या वस्तू हुंगून, ढकलून, चावून तपासण्यात जाई. म्हणजे दिवसाच्या चारातले तीन हिस्से शोधाशोध. खुराक मिळत असूनही.

डुकराचं नाकाड बघितलं तर यात नवल वाटत नाही. टोकाला चकतीसारखं, स्पर्शाला अतिशय तल्लख, आणि आत त्याला आधार द्यायला एक वेगळं हाड. विदर्भात किंवा कोकणात रानडुकरांनी एका रात्रीत उलथून टाकलेलं शेत ज्याने पाहिलंय त्याला या नाकाडाची ताकद सांगायला नको. ते खणण्याचं अवजारही आहे आणि जगाची ओळख करून घेण्याचं इंद्रियही. काँक्रीटच्या फरशीवर त्याला करायला काहीच नसतं. मोठ्या फार्मवर गाभण मादीला दिवसाला दोन-अडीच किलो खुराक मिळतो, तो ती पंधरा-वीस मिनिटांत संपवते, आणि पुढचा सगळा दिवस रिकामा.

झोपण्यासाठी कळपाने एकत्र घरटी केली. जागा बदलली तरी घरट्यांची ठेवण तीच राही. वाऱ्याच्या बाजूने आडोसा, समोर मोकळी नजर, म्हणजे येणारा लांबून दिसावा, आणि खाण्याच्या जागेपासून दूर. संध्याकाळी निजायला जाताना डुकरं तोंडात गवत-काटक्या घेऊन येत, कडा नीट करत, अंथरूण सारखं करत. सकाळी उठल्यावर किमान सात मीटर चालून गेल्याशिवाय ती मलमूत्र करत नसत आणि तेही झुडपांमधल्या वाटांवर.

सात मीटर हा आकडा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. आपल्या भाषेत डुक्कर म्हणजे घाणीचं दुसरं नाव. घरातल्या अस्वच्छ पोराला आपण काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे. पण फार्मवरच्या ज्या कोंडीची, म्हणजे डुकरं ठेवायच्या बंदिस्त खणाची, लांबीच तीन मीटर आहे, तिथे सात मीटर चालून जायचं कुठे? डुकराला घामाने अंग थंड ठेवता येत नाही. उन्हात त्याला ओल लागते, चिखल लागतो. गावात त्याला ती ओल गटारात मिळते आणि अन्नही माणसांनी फेकलेलं तिथेच मिळतं, म्हणून ते गटारात दिसतं. त्याला ओढा आणि राई मिळाली तेव्हा झोपायची, खायची आणि शौचाची जागा त्याने आपण होऊन वेगवेगळी ठेवली. कोणी शिकवलं नव्हतं.

कळपातली नातीही टिपली गेली. काही माद्यांची जोडी असे. त्या दोघी एकत्र चरत, एकमेकींना लागून झोपत, आणि व्यायल्यानंतर काही दिवसांनी पुन्हा एकत्र येत. एका वेतातली बहिणी-बहिणी किंवा भाऊ-भाऊ बरोबर राहत, एकाला काही नवं सापडलं की दुसरं तिकडे बघे. लहान नर मोठ्या नराच्या हालचालींवर लक्ष ठेवून असत. बाहेरून आणलेल्या डुकरांना कळपात सामावून घ्यायला फार वेळ लागला. हे शेवटचं निरीक्षण फार्मवाल्यांसाठी महत्त्वाचं आहे. सघन पद्धतीत दूध तोडल्यावर, वजनाप्रमाणे वर्गवारी करताना, मादी फळवल्यावर, म्हणजे गाभण करून घेतल्यावर, दर टप्प्याला अनोळखी डुकरं एका कोंडीत घालतात. मग रात्रभर मारामाऱ्या होतात, कान फाटतात, खांदे सोलवटतात आणि लोक म्हणतात, डुक्कर भांडखोरच.

पिल्लं पाचव्या दिवसाच्या सुमारास घरट्याबाहेर डोकावू लागत. आईचं दूध आपोआप सुटायला १२ ते १५ आठवडे लागत. व्यापारी फार्मवर दूध तीन-चार आठवड्यांतच तोडतात. म्हणजे ज्या वयात पिल्लू आईबरोबर हिंडून काय खावं हे शिकत असतं, त्या वयात ते आईवेगळं, अनोळखी पिल्लांत, कोरड्या खाद्यावर असतं. त्या पिल्लांना एकमेकांची पोटं नाकाने ढुसण्याची खोड लागते. उतारावरच्या माद्या दूध पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊन गाभण राहिल्या. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

घरटं

आता मुख्य भाग.

विण्याच्या काही तास आधी मादी कळप सोडून निघे. कळपाच्या घरट्यापासून बऱ्याच लांबवर जागा शोधे. खड्डा उकरी, गवत उपटून तोंडात धरून आणी, फांद्या मोडून आणी, कडेने रची. काही घरट्यांना ओंडक्यांच्या भिंतीसुद्धा होत्या. मग ती आत शिरे आणि वी. पुढचे काही दिवस दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नसे. फारच जवळची मैत्रीण असेल तर काही काळाने तिला पिल्लांसकट येऊ देई, पण एकीच्या पिल्लांनी दुसरीला लुचल्याचं कधी दिसलं नाही.

आपल्या रानातली डुकरीणही हेच करते. गवताचा, काटक्यांचा ढीग रचून त्याच्या पोटात शिरून विते. फरक एवढाच की एडिंबराच्या माद्या रानातल्या नव्हत्या. माणसाच्या फार्मसाठी पैदास केलेल्या जातीच्या होत्या. योग्य जागा मिळताच त्यांचं एकूण वागणं युरोपातल्या रानडुकरासारखंच निघालं, हा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. तो सविस्तर लेख १९८९ साली प्रसिद्ध झाला. पैदाशीने डुकराचं शरीर बदललं, त्याची पाठ लांबवली, चरबी घटवली, वेत मोठं केलं. अंगातलं काम मात्र तसंच राहिलं.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये पेर येन्सन मोकळ्या सोडलेल्या माद्यांचं घरटं बांधणं तपशिलाने बघत होते. त्यांच्या आणि नंतरच्या कामातून घरट्याची गोष्ट दोन भागांत उलगडली. विण्याच्या सुमारे एक दिवस आधी शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि मादी अस्वस्थ होते, जागा शोधते, उकरू लागते. हा पहिला भाग आतून येतो. समोर माती आहे की लोखंड, याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा भाग म्हणजे आणणं, रचणं, अंथरणं. हा बाहेरच्या स्पर्शावर चालतो. अंगाखाली मऊ लागलं, भोवती आडोसा जाणवला की काम पुरं झाल्याचं तिला कळतं आणि ती शांत पडते. विण्याच्या आधीचे काही तास ती जवळजवळ निश्चल असते. उठबस करणाऱ्या दीड-दोनशे किलोच्या आईखाली नुकतं जन्मलेलं किलो-सव्वा किलोचं पिल्लू येऊ नये, यासाठी ही निश्चलता फार उपयोगाची.

कठड्यातल्या मादीकडे आता बघा. संप्रेरकांना कठडा दिसत नाही. ठरलेल्या वेळी ती अस्वस्थ होते, पायाने काँक्रीट खरवडते, नाकाड जाळीवर घासते, आडवे गज चावते, उठते, बसते, पुन्हा उठते. पहिला भाग सुरू झालेला असतो. दुसऱ्या भागाला लागणारं काहीच तिच्या आसपास नसतं, म्हणून 'झालं' हा निरोप तिला कधी मिळत नाही. एडिंबरातच ॲलिस्टर लॉरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हे रक्तातून तपासलं. पेंढा असलेल्या मोकळ्या कोंडीतल्या माद्या आणि बिनपेंढ्याच्या कठड्यातल्या माद्या यांची तुलना केली, तेव्हा घरटं बांधण्याच्या तासांत कठड्यातल्या माद्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, जास्त निघालं.

'तिने रान पाहिलेलं नाही' या मुद्द्याचं उत्तर इथे मिळतं. घरटं ही रानाची आठवण नाही. ती विण्याच्याच प्रक्रियेतली एक पायरी आहे, जशी कळ येणं ही पायरी आहे. पहिलटकरणीने कधी घरटं पाहिलेलं नसतं आणि तरी ती बांधायला घेते.

एक दुरुस्ती

कठड्यातल्या गाभण माद्या तासन्‌तास गज चावतात, तोंडात काही नसताना चघळत राहतात, तोंडाला फेस येतो. हे सगळं अरुंद जागेमुळे होतं, असं कळवळ्याने लिहिणारे बहुतेकजण धरून चालतात. मीही बराच काळ तसंच समजत होतो. पण एडिंबरातल्याच मायकेल ॲपलबी आणि लॉरेन्स यांनी १९८७ मध्ये बांधून ठेवलेल्या कालवडवयाच्या, म्हणजे पहिलं वेत न झालेल्या, माद्यांना कमी-जास्त खुराक देऊन पाहिलं. पोटभर खाणाऱ्या माद्यांत ही खोड फारशी दिसली नाही. कमी खुराकावरच्या माद्यांत ती ठळक दिसली. बांधलेल्या दोन्ही होत्या.

याचा अर्थ बांधून ठेवणं ठीक आहे असा होत नाही. गाभण मादी लठ्ठ होऊ नये म्हणून तिला मुद्दाम कमी खाद्य देतात. त्यात तिच्या शरीराला लागणारं सत्त्व असतं, पण पोट भरत नाही आणि शोधाशोधीची ओढ शमत नाही. तेव्हा नुसता कठडा काढून तिला उघड्या, रिकाम्या काँक्रीटवर सोडलं तर भूक तशीच राहील आणि वर खुराकावरून मारामाऱ्या होतील. पेंढा, हिरवा चारा, तंतुमय खाद्य देणं हेही कठडा काढण्याइतकंच महत्त्वाचं आहे. उतारावरच्या त्या ५२ टक्क्यांनी हेच सांगितलं होतं.

चार माद्यांचं घर

स्टोल्बा निरीक्षणावर थांबले नाहीत. प्रत्येक फार्मला टेकडी आणि ओढा मिळणार नाही, हे उघड होतं. म्हणून त्यांनी रानासारख्या जागेपासून पायरी-पायरीने साध्या होत जाणाऱ्या जागांमध्ये डुकरं बघितली. कुठली गोष्ट काढली की कुठलं वागणं मोडतं, आणि कुठल्या छोट्याशा खुणेवर ते टिकून राहतं, याचा माग काढला. त्यातून 'कौटुंबिक कोंडी' तयार झाली.

एकमेकींना ओळखणाऱ्या चार माद्या, प्रत्येकीचा एक कप्पा, आणि चारही कप्पे आतून जोडलेले. प्रत्येक कप्प्यात मागे पेंढ्याची आडोशाची निजायची जागा, मधे उकरायला जागा, अंग घासायला खांब, नाकाडाने उचलायला आडवा ओंडका, आणि निजायच्या जागेपासून लांबच्या टोकाला शौचाची पट्टी. मादी आपल्या कप्प्यात पेंढ्याचं घरटं करून विते. पिल्लं दोनेक आठवड्यांची झाली की आपोआप एकमेकांत मिसळतात. मग कळपात नर आणून सोडायचा. माद्या दूध पाजता पाजताच फळतात. पिल्लं विक्रीच्या वजनापर्यंत त्याच घरात वाढतात. दूध तोडण्याचा धक्का नाही आणि अनोळखी डुकरांची भेसळ नाही. उतारावर दिसलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या आराखड्यात कुठे ना कुठे बसवलेली आहे. डुकरांकडून शिकून बांधलेलं असं घर मला दुसरं माहीत नाही.

एडिंबरात आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये ते चालवून पाहिलं गेलं. डुकरांचं वागणं चांगलं राहिलं. पण व्यापारात ही पद्धत पसरली नाही आणि त्याची कारणं प्रामाणिकपणे मांडायला हवीत. एका मादीमागे जागा जास्त लागते. पेंढा आणायचा, भरायचा, उपसायचा म्हणजे हात जास्त लागतात. मोठ्या फार्मची जमीन जाळीची असते, मल खाली टाकीत पडतो, पेंढ्याने ती जाळी आणि नळ्या तुंबतात, त्यामुळे असलेल्या इमारतीत हे बसवताच येत नाही. चारही माद्या एकाच सुमारास व्यायला हव्यात, एक मागे पडली की घराचं वेळापत्रक बिघडतं. माणसालाही डुकरं ओळखावी लागतात. पाचशे माद्यांच्या फार्मवर हे कोण करणार? आणि सगळ्यांत मोठी भीती पिल्लं दडपून मरण्याची.

दडपणाऱ्या आईचा मुद्दा

विण्याचा कठडा आला तोच या भीतीपोटी. आई धपकन आडवी झाली तर पिल्लू चिरडतं. कठड्याचे गज तिला सावकाश आडवं व्हायला लावतात. हे कारण खरं आहे आणि ज्याने सकाळी शेडमध्ये जाऊन आईखालून चपटं झालेलं पिल्लू काढलं आहे, त्याला कोणी क्रूर म्हणू नये.

पण या भीतीचा हिशोब मोठ्या प्रमाणावर मांडला गेला आहे. स्वित्झर्लंडने १९९७ साली ठरवून, दहा वर्षांची मुदत देऊन, विण्याच्या कठड्यांचा नित्य वापर बंद केला. या बदलाच्या काळात ६५५ फार्मवरच्या ६३ हजारांहून जास्त वेतांची आकडेवारी तपासली गेली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोकळ्या कोंडीत दडपून मेलेली पिल्लं जास्त होती. कठड्यात इतर कारणांनी मेलेली जास्त होती. एकूण मृत्यू दोन्हीकडे सारखे. ही बेरीज सरसकट कुठेही लावता येणार नाही. तिथे मोकळ्या कोंडीला किमान साडेपाच चौरस मीटर जागा लागते आणि पेंढा असतो. वेतही आजच्या अतिप्रसव जातींसारखं सोळा-सतराचं नव्हतं. जागा कमी, पेंढा नाही आणि वेत भरमसाट अशा ठिकाणी कठडा काढला तर पिल्लं मरतील, हे मी मान्य करतो. मग वेत इतकं वाढवायचं का, हा प्रश्न त्यातून उरतोच.

कायदे हळूहळू सरकले. ब्रिटनने गाभण माद्यांचे कठडे १९९९ पासून बंद केले, स्वीडनने त्याच्याही आधी. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१३ पासून ते फळवल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांपुरते मर्यादित केले. विण्याचे कठडे मात्र युरोपात बहुतेक ठिकाणी आहेत, खुद्द ब्रिटनमध्येही. तिथे बऱ्याच माद्या उघड्या रानात, छोट्या कमानदार झोपड्यांत पेंढ्यावर वितात. बाकीच्या कठड्यात.

आपल्याकडे

२०१९ च्या पशुगणनेत भारतात ९० लाखांच्या आसपास डुकरं होती, त्यातली मोठी संख्या आसाम आणि ईशान्येकडे. महाराष्ट्रात कैकाडी, वडार यांसारख्या समाजांनी डुकरं पिढ्यानपिढ्या पाळली आणि त्याबद्दल त्यांच्या वाट्याला तुच्छताच आली. गोव्यात घरामागची डुकरं हा संसाराचाच भाग होता. अगोंदा गोवन ही तिथली स्थानिक जात आता देशी जातींच्या यादीत नोंदली गेली आहे. या मोकळ्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. उघड्यावर मैला खाणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमीचे कोष येतात आणि त्यातून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणाऱ्या रोगाचं चक्र चालू राहतं. डुक्कर आवारात असावं, हे बरोबरच आहे.

पण आवारात आणताना कुठला नमुना उचलायचा, ते आत्ता ठरतं आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातून शंभर माद्यांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये अनुदान मिळतं. शिकलेली तरुण मुलं यात उतरत आहेत. शेडचा आराखडा बहुधा बाहेरच्या मोठ्या फार्मचा आणि त्यात लोखंडी कठड्यांची रांग ओघानेच येते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ सांगतं की हालचालीला वाजवी वाव नाही अशा उंचीच्या, लांबीच्या, रुंदीच्या पिंजऱ्यात जनावर ठेवणं गुन्हा आहे. वळताही न येणारा कठडा या कलमात कसा बसतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि गंमत अशी नाही, तर संधी अशी आहे की युरोपला जी अडचण आली ती आपल्या लहान शेडमध्ये नाहीच. आपली जमीन जाळीची नसते, सपाट काँक्रीटची असते, पाणी मारून धुतली जाते. पेंढ्याने तुंबेल अशी टाकीच खाली नाही. कोकणात, पूर्व विदर्भात भाताचा पेंढा दारात पडलेला असतो. दहा-वीस माद्यांच्या शेडमध्ये पाळणाऱ्याला प्रत्येक मादी ओळखू येते. कौटुंबिक कोंडी जिथे अडली, त्या बहुतेक अटी इथे आपसूक पुऱ्या होतात.

नवीन शेड उभारणाऱ्याने मला विचारलं तर मी आधी विण्याची खोली आखायला सांगेन. दोन मीटर बाय तीन मीटरपेक्षा लहान नको. भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा लोखंडी नळ, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी मागे पिल्लाला निसटायला फट राहते. एका कोपऱ्यात पिल्लांपुरती उबेची जागा. फळवल्याची तारीख भिंतीवर खडूने लिहायची आणि ११२ व्या दिवशी सकाळी दोन कवळ्या कोरडा पेंढा आत टाकायचा. पेंढा नसेल तर धुतलेलं गोणपाट बांधून लोंबतं सोडायचं. तेही ती ओढते, फाडते, अंगाखाली घेते. उन्हाळ्यात पाण्याचा फवारा हवा, नाहीतर ती ओल शोधत स्वतःच्या मलात लोळेल आणि पुन्हा दोष तिलाच लागेल.

मग त्या रात्री दार लोटून बाहेर बसायचं. ती पेंढा तोंडात घेऊन फेऱ्या मारायला लागली की वेळ नोंदवायची. फेऱ्या थांबून ती कुशीवर पडून राहिली की तीही वेळ नोंदवायची. त्यानंतर बहुधा काही तासांतच पहिलं पिल्लू येतं.